नळी उघडली, रक्त सुरू झालं, तरी पंपिंग कमी कसं?

मृद्गंधा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे. वाईजवळ आमचं गाव. गेल्या बुधवारी रात्री दोनला त्यांच्या छातीत भरून आलं, घाम फुटला. पित्त वाढलंय म्हणून आईनं सोडा दिला, मग गोळी दिली. उजाडेपर्यंत असंच गेलं. सहाला शेजारच्या दादांनी गाडी काढली. साताऱ्यात ईसीजी काढला आणि लगेच अँजिओप्लास्टीला घेतलं. साडेआठला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, पुढची मोठी नळी शंभर टक्के बंद होती, स्टेंट टाकलाय, फ्लो छान आलाय. मला पडद्यावर दाखवलंही. आधीच्या चित्रात नळी मध्येच तुटल्यासारखी, नंतरच्या चित्रात तीच काळी रेघ पार टोकापर्यंत गेलेली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी टूडी एको केला, पंपिंग ३५ टक्के. मी विचारलं, नळी तर उघडली ना? डॉक्टर म्हणाले, "वेळ गेला होता, शिवाय थोडी रीपर्फ्युजन इंजुरी पण असते." आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांच्यामागे रांग होती, माझी तक्रार नाही. पण घरी येऊन शोधलं तर 'रक्तप्रवाह परत सुरू झाल्यामुळे होणारी इजा' असा अर्थ निघाला, आणि तेव्हापासून झोप नाही. रक्त परत आल्यानं इजा कशी होईल? मग नळी उघडायला नको होती का? आई सारखी म्हणते, मी सोडा दिला नसता तर. तिला काय सांगू?

निफाडकर | सोमवार, रात्री ११:५८

ताई, मी डॉक्टर नाही, द्राक्षबागायतदार आहे. डोक्यात आलं ते लिहितो. द्राक्ष पिकायला लागून मण्यात पाणी उतरताना बागेला ताण बसलेला असला आणि मग एकदम भरपूर पाणी सोडलं किंवा जोराचा पाऊस पडला, तर मणी तडकतात. पाणी वाईट नसतं, पाण्यावाचून तर बागच जाईल. पण तहानलेल्या मण्याला ते एकदम झेपत नाही. हृदयाचं असंच काही असेल का? जाणकार सांगतीलच. वडिलांची काळजी घ्या.

हृद्गत | मंगळवार, सकाळी ६:१५

मृद्गंधाताई, मी हृदयरोगशास्त्रात डीएम करतोय. रात्रपाळी संपवून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. नळी उघडायलाच हवी होती. उघडली नसती तर त्या नळीवर अवलंबून असलेला जवळजवळ सगळा स्नायू गेला असता. उघडल्यामुळे बराच वाचला. उघडताना त्यातला थोडा दुखावला, इतकाच 'रीपर्फ्युजन इंजुरी'चा अर्थ.

निफाडकर, तुमचा तडकलेला मणी मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. पेशीत खरोखर जवळपास तसंच घडतं.

नळी बंद झाली की पेशीला ऑक्सिजन मिळत नाही. मग ती साखर अर्धवट जाळते आणि आत आम्ल साठतं. ते बाहेर काढायला पेशी त्याच्या बदल्यात सोडियम आत घेते. एरवी हे सोडियम बाहेर फेकणारा पंप असतो, पण त्याला लागणारं इंधन, म्हणजे एटीपी, संपलेलं असतं. सोडियम साठलं की कॅल्शियमची उलटी वाहतूक सुरू होते, म्हणजे जे बाहेर जायचं ते आत येतं. हे सगळं नळी बंद असतानाच हळूहळू चालू असतं.

आता रक्त आलं. बाहेरचं आम्ल काही सेकंदांत धुऊन निघतं. आत आम्ल, बाहेर नाही, त्यामुळे ती सोडियमची देवाणघेवाण आणखी जोरात होते आणि पाठोपाठ कॅल्शियमचा लोंढा येतो. तंतुकणिकांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, अचानक ऑक्सिजन मिळतो आणि पहिल्या काही मिनिटांत त्यांतून मुक्त मूलकांचा, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सचा, भडका उडतो. तंतुकणिकेच्या आवरणात एक झडप असते. आम्ल होतं तोवर ती मिटलेली होती, आता ती उघडते आणि तंतुकणिका फुगून फुटते. एटीपी परत आलेलं, कॅल्शियम मात्र प्रमाणाबाहेर, त्यामुळे स्नायूची पेशी इतकी आवळते की तिचं आवरण फाटतं. निफाडकरांचा मणी तो हाच.

कुत्र्यांच्या हृदयावर हे पहिल्यांदा नीट दाखवलं रॉबर्ट जेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६० साली. पुढे १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी दाखवलं की स्नायू एकदम मरत नाही. आतल्या अस्तराच्या बाजूनं सुरुवात होते आणि मरण लाटेसारखं बाहेर सरकत जातं. ४० मिनिटांत नळी उघडली तर फक्त आतला थर जातो, सहा तास गेले तर जवळपास पूर्ण जाडी. तुमच्या बाबांचे साधारण साडेसहा तास गेले. त्यांचा बाहेरचा थर त्या सकाळच्या अँजिओप्लास्टीनं वाचवला असणार.

आईंना सांगा, छातीतलं दुखणं पित्त समजणारी घरं मी दर आठवड्याला बघतो, डॉक्टरांचीसुद्धा. पुढच्या वेळी कुणाचंही असं दुखलं तर सोडा नको, थेट १०८.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. दुसऱ्या दिवसाचं ३५ टक्के हे शेवटचं ३५ टक्के नाही. वाचलेला स्नायूसुद्धा रक्त परत आल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे काम करत नाही. जिवंत असतो, पण बधिर. १९८२ साली ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी याला 'स्टनिंग' म्हटलं, म्हणजे सुन्न झालेला स्नायू. म्हणूनच पंपिंग कमी आहे म्हणून छातीत शॉकचं यंत्र बसवायचं की नाही, हा निर्णय अटॅकनंतर निदान ४० दिवस घेत नाहीत. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एको करा. तोवर दिलेल्या गोळ्यांतली एकही स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मृद्गंधा | मंगळवार, सकाळी ७:०२

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. 'बधिर' शब्दावर ती थांबली. म्हणाली, म्हणजे मेलेला नाही ना? खूप खूप आभार.

कॅथलॅब_नाशिक | मंगळवार, दुपारी १:३०

हृद्गत सर, आमच्या बाजूचंही थोडं लिहितो. मी टेक्निशियन आहे, अकरा वर्षं.

वायर गुठळीतून पलीकडे गेली आणि फुगा फुगवून सोडला की त्या क्षणी आम्ही पेशंटच्या चेहऱ्याकडे नाही, मॉनिटरकडे बघतो. बऱ्याचदा तिथेच ठोके बिघडतात. रुंद, वेडेवाकडे ठोके येतात, कधी थेट व्हीएफ, म्हणजे हृदय ठोके न देता नुसतं थरथरतं. म्हणून डिफिब्रिलेटरचे, म्हणजे शॉकच्या यंत्राचे, पॅड आधीच छातीवर चिकटवलेले असतात. एकदा पन्नाशीतल्या एका बाई मला गावाकडच्या पावसाबद्दल सांगत होत्या. नळी उघडली आणि वाक्याच्या मध्येच डोळे फिरले. शॉक दिला, आठ-दहा सेकंदांत त्या परत बोलायला लागल्या. आपण कुठे थांबलो होतो हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. तो शॉक यंत्रानं दिला, पण वाचल्या त्या नळी उघडली म्हणून आणि आम्ही तिथे उभे होतो म्हणून.

दुसरं म्हणजे, काही वेळा मोठी नळी उत्तम उघडते, स्टेंट छान बसतो, तरी चित्रात रक्ताची वाट दिसावी म्हणून सोडलेली डाय पुढे सरकत नाही. तिथेच रेंगाळते. बारीक नळ्या सुजलेल्या असतात, त्यांत गुठळीचे कण आणि पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. याला नो-रिफ्लो म्हणतात. मग बारीक नळ्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून नळीतूनच औषध सोडतात. मृद्गंधाताई, तुम्हाला रेघ टोकापर्यंत गेलेली दिसली, म्हणजे मोठ्या नळीत तरी फ्लो चांगला आला. ही बातमी चांगलीच आहे.

विदर्भपुत्र | मंगळवार, दुपारी ३:१०

मी कुठेतरी वाचलं होतं की अटॅकच्या वेळी दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवायचा, पाच मिनिटं ठेवायचा, सोडायचा, असं चारदा केलं की हृदय वाचतं. हे खरं आहे का? घरी बीपी मशीन आहे. वडिलांना डायबेटिस आहे म्हणून विचारतोय.

आऱ्हुसकर | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

विदर्भपुत्र, डेन्मार्कमधल्या आऱ्हुसला राहतो म्हणून या प्रश्नावर राहवलं नाही. तुम्ही वाचलंत त्याचा मोठा प्रयोग इथेच झाला. अँब्युलन्समध्ये, अँजिओप्लास्टीला नेता नेता, दंडाचा पट्टा पाच मिनिटं फुगवायचा, पाच मिनिटं सोडायचा, असं चार वेळा. ३३३ जणांवरचा अभ्यास होता, २०१० मध्ये छापून आला, वाचलेल्या स्नायूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मी इथे नवीन होतो. शेजारच्या आजोबांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

पुढे काय झालं ते हृद्गत सांगतील. मला एवढंच ठाऊक की नंतरच्या मोठ्या चाचणीनं निराशा केली.

हृद्गत | मंगळवार, रात्री १०:२०

विदर्भपुत्र, आधी स्पष्ट सांगतो. घरी पट्टा बांधत बसू नका. त्यात चाळीस मिनिटं जातात, आणि रायमर-जेनिंग्जची ४० मिनिटं वर लिहिलीच आहेत. एवढ्या वेळात आतला थर गेलेला असतो. डायबेटिस असलेल्यांना तर कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो, घाम येतो, मळमळतं. तेवढ्यावरच १०८ ला फोन करा.

पण या कल्पनेचा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या विषयातली ही सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दुखरी गोष्ट आहे.

१९८६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाची नळी आधी पाच मिनिटं बंद केली, पाच मिनिटं सोडली, असं चारदा. आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. खरं तर जास्त वेळा बंद केल्यावर जास्त नुकसान व्हायला हवं. झालं उलट. नुसतीच ४० मिनिटं बंद ठेवलेल्यांत धोक्यातल्या भागाचा साधारण २९ टक्के स्नायू मेला, 'तयारी' करून घेतलेल्यांत फक्त ७ टक्के. छोट्या छोट्या उपाशीपणानं पेशी स्वतःला सावरायला शिकली होती. हे प्रीकंडिशनिंग.

१९९३ मध्ये दिसलं की एका नळीच्या भागाला अशी तयारी दिली तर शेजारच्या नळीचा भागही वाचतो. मग विचार आला, हृदयापर्यंत जायचंच कशाला, दंड चालेल का? तिथून तो पट्टा आला. २००३ मध्ये अटलांटात झाओ आणि व्हिंटन-योहान्सन यांच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. तयारी आधी करायला जमलं नाही तरी, नळी उघडल्यानंतर रक्त एकदम न सोडता ३० सेकंद सोडायचं, ३० सेकंद अडवायचं, असं तीनदा केलं तरी कुत्र्याचं हृदय वाचतं. निफाडकर, हे ठिबक सिंचनच झालं. २००५ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉक्टरांनी हेच माणसांवर केलं. स्टेंट बसवल्यावर फुगा एक मिनिट फुगवायचा, एक मिनिट सोडायचा, चार वेळा. ३० पेशंट होते. दुखावलेल्या स्नायूतून रक्तात सांडणारं सीके एन्झाइम ३६ टक्क्यांनी कमी झालं. त्या तंतुकणिकेच्या झडपेवर सायक्लोस्पोरिन हे औषधही चालतं. २००८ मध्ये ५८ जणांवर वापरलं, फायदा दिसला. सगळ्यांना वाटलं, सापडलं.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. सायक्लोस्पोरिन, २०१५, ९७० पेशंट: फायदा नाही. फुग्याचं थांबून थांबून रक्त सोडणं, डेन्मार्क, २०१७, १२३४ पेशंट: ठळक फायदा नाही. दंडाचा पट्टा, २०१९, ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून ५४०१ पेशंट: वर्षभरात हृदयविकारानं झालेले मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी अॅडमिट होणं मोजलं तर पट्टा न बांधलेल्यांत ८.६ टक्के, बांधलेल्यांत ९.४ टक्के. काहीच मिळालं नाही.

असं का व्हावं, यावर आमच्याकडे तासन् तास वाद होतात. प्रयोगातला प्राणी तरुण असतो, त्याला डायबेटिस नसतो, कोलेस्टेरॉल नसतं. आमचा पेशंट साठीचा, चार गोळ्या चालू असलेला. शिवाय आता अटॅक आल्यावर लगेच जी रक्त पातळ करणारी औषधं देतात, त्यांतली काही स्वतःच थोडं संरक्षण देत असावीत, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं. आणि वेळेत नळी उघडलेल्यांचे निकाल मुळातच इतके सुधारलेत की त्यावर आणखी सुधारणा दाखवणं अवघड झालंय. मला स्वतःला वाटतं की प्रीकंडिशनिंग खोटं नाही. ते कोणत्या पेशंटमध्ये, कोणत्या मिनिटाला वापरायचं, ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ८:३०

वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्या धाकट्या भावाला अटॅक आला तेव्हा सगळे नातेवाईक डॉक्टरांना म्हणत होते, ऑक्सिजन लावा, ऑक्सिजन लावा. त्यांनी लावला नाही, बोटाला यंत्र लावून ९७ आहे म्हणाले. मी तेव्हा त्यांच्यावर आवाज चढवला होता. वरचं वाचून वाटतंय की माझंच चुकलं.

हृद्गत | बुधवार, सकाळी ९:०५

मास्तर, त्या डॉक्टरांनी बरोबर केलं. स्वीडनमध्ये ६६२९ जणांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. ऑक्सिजनची पातळी ९० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना वरून ऑक्सिजन देऊन काही फायदा झाला नाही. कमी असेल तेव्हा मात्र लावतातच.

पंपवाली | बुधवार, रात्री ९:५०

मी परफ्युजनिस्ट आहे, बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवते. मुंबईत असते. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे.

अटॅकमध्ये नळी कधी बंद होणार हे कुणालाच माहीत नसतं. आमच्या ऑपरेशनमध्ये ते मिनिट आम्ही ठरवतो. म्हणून हृदयाचं संरक्षण खऱ्या अर्थानं जमलं ते ऑपरेशन थिएटरमध्ये, असं मी अभिमानानं सांगते.

सर्जन महाधमनीला क्लॅम्प लावतात, मी कार्डिओप्लेजिया सोडते. गार, पोटॅशियम जास्त असलेलं द्रावण. मिनिटाच्या आत हृदय फडफडतं, मंदावतं, थांबतं. मॉनिटरवर सरळ रेघ येते आणि ती रेघ पाहून थिएटरमधले सगळे निवांत होतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पण थांबलेलं, गार हृदय ऑक्सिजन फारच कमी मागतं. १९५५ साली लंडनमध्ये मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरलं, पण मात्रा फार तीव्र होती, स्नायूला इजा झाली आणि पद्धत मागे पडली. तिचं पुनरागमन सत्तरच्या दशकात सेंट थॉमस हॉस्पिटलच्या सौम्य द्रावणानं झालं. आता बऱ्याच ठिकाणी डेल निडो वापरतात. मुळात लहान मुलांसाठी तयार केलेलं. त्यात लिडोकेन आणि मॅग्नेशियम असतं. हृद्गत यांनी सोडियम आणि कॅल्शियमची जी वाट सांगितली, तिच्यावरच ही दोन्ही पहारा देतात.

पण मला सांगायचं आहे ते क्लॅम्प निघण्याच्या मिनिटाबद्दल. क्लॅम्प सोडताना सर्जन म्हणतात, "फ्लो डाऊन." मी पंपाचा फ्लो क्षणभर खाली आणते, म्हणजे एवढा वेळ उपाशी असलेल्या हृदयावर पूर्ण दाबानं रक्त आदळत नाही. काही सर्जन त्याआधी कोमट रक्ताचा एक शेवटचा डोस मागतात, त्याला आम्ही 'हॉट शॉट' म्हणतो. आणि कॅल्शियमचं इंजेक्शन भरलेलं असलं तरी भूलतज्ज्ञ ते लगेच देत नाहीत, काही मिनिटं थांबतात. का, ते वरच्या प्रतिसादांत आलंय.

मग आम्ही वाट बघतो. फिकट, मऊ पडलेलं हृदय हळूहळू गुलाबी होतं. एखादा ठोका पडतो, मग काहीच नाही, मग दोन. कधी नुसतं थरथरत राहतं, तेव्हा छोट्या पॅडलनं आतूनच अगदी कमी शॉक देतात. इतकी वर्षं झाली, पण त्या पहिल्या ठोक्याला मी अजूनही श्वास धरून ठेवते.

प्रत्यारोपणातही हेच घड्याळ चालतं. बर्फातलं हृदय साधारण चार तासांत पुन्हा जोडावं लागतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय आणलं, तेव्हा रस्ते मोकळे केले होते ते या चार तासांसाठी.

दंडाच्या पट्ट्याबद्दल: तो बायपासमध्येही करून पाहिला होता. २०१५ मध्ये ब्रिटनमधली एक आणि जर्मनीतली एक, अशा दोन मोठ्या चाचण्या आल्या, दोन्हींत फायदा नाही. बहुतेक पेशंटना भूल देताना प्रोपोफॉल दिलेलं होतं, आणि ते या संरक्षणाच्या आड येतं असा संशय आहे.

तालुक्याचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री १२:२०

चांगली चर्चा चालू आहे. एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहितो. मी जिथे आहे तिथून सर्वात जवळची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय, अडीच तासांवर, तीही घाट उतरून. माझ्याकडे सुई आहे. गुठळी विरघळवणारं औषध. इटलीत १९८६ मध्ये अकरा हजारांहून जास्त पेशंटवर स्ट्रेप्टोकायनेजचा अभ्यास झाला, आणि १९८८ मध्ये आणखी १७,१८७ जणांवर, त्यात अॅस्पिरिनही होतं. दोन्हींत मृत्यू कमी झाले. ते माझ्यासारख्यांसाठीच आहे असं मी समजतो.

सुई दिल्यावर मी खुर्ची ओढून मॉनिटरपुढे बसतो. पाऊण तास, तास जातो. मग ईसीजीतला एसटीचा उंचावलेला भाग खाली यायला लागतो आणि त्याच सुमाराला ऐंशी-नव्वदच्या गतीनं रुंद ठोक्यांची माळ येते. नव्यानं आलेल्या सिस्टर घाबरतात. मी म्हणतो, थांबा, बीपी बघा. बीपी ठीक असतं, पेशंट म्हणतो, "साहेब, हलकं वाटतंय." बहुतेक वेळा ही माळ म्हणजे रक्त परत आल्याची खूण, तिला औषध लागत नाही, मिनिटा-दोन मिनिटांत जाते. कधी मात्र व्हीएफ येतं, तेव्हा शॉक. म्हणून सुई दिल्यावर पेशंटला एकटं सोडायचं नाही, आणि शॉकचं यंत्र चार्ज केलेलं हवं.

कृपा करून या धाग्यावरून कुणी असा अर्थ काढू नका की रक्त परत आल्यानं इजा होते म्हणून सुई नको, थेट मोठ्या शहरात नेऊ. परवाच एका मुलानं वडिलांना माझ्याकडून असंच उचलून नेलं. अडीच तास, आणि आधीचे तीन. सुई जवळ घ्या, मग पुढे जा. अँजिओग्राफी नंतर चोवीस तासांत करता येते.

विदर्भपुत्र | गुरुवार, सकाळी १०:१५

डॉक्टर, हे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतोय. पट्ट्याचा विचार डोक्यातून काढला. जवळच्या कोणत्या दवाखान्यात ईसीजी आणि सुई दोन्ही मिळतं, ते आजच विचारून ठेवतो.

मृद्गंधा | सहा आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय, माफ करा. काल एको झाला. पंपिंग ४४.

मी टेक्निशियनना विनंती केली तेव्हा त्यांनी दोन्ही वेळचे व्हिडिओ शेजारी लावून दाखवले. पहिल्यात पुढची भिंत नुसती लोंबकळत होती, बाजूच्या भिंतीबरोबर ओढली जात होती. कालच्यात तीच भिंत स्वतः आत येताना दिसली, जाड होताना. अगदी खालचं टोक मात्र अजून तसंच आहे. तेवढा भाग गेला, तो परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईनं विचारलं, केवढा? त्यांनी अंगठ्याचं पेर दाखवलं.

बाबा आता सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं चालतात. गोळ्यांचा डबा आईच्या ताब्यात आहे. तुम्हा सगळ्यांना तिनं नमस्कार सांगितलाय.

हृद्गत | रविवार, रात्री ९:१५

फार छान वाटलं वाचून. टोक हलत नाही म्हणताय, तर एक करा. एकोच्या रिपोर्टमध्ये 'क्लॉट' या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघून सांगाल का? न हलणाऱ्या कोपऱ्यात रक्त साकळू शकतं.

मृद्गंधा | रविवार, रात्री ९:२२

बघितलं. 'नो एलव्ही क्लॉट', म्हणजे डाव्या कप्प्यात गुठळी नाही, असं लिहिलंय.

हृद्गत | रविवार, रात्री ९:२३

उत्तम. पुढचा एको तीन महिन्यांनी.